फिजिक्सच्या उजळणीची मीमांसा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत वर्षाचे चार ऋतू मानले जातात: उन्हाळा, पावसाळा, उसाचा गळीत हंगाम आणि बारावी. यांपैकी शेवटचे दोन एकाच काळात येतात. त्यामुळे जानेवारी उजाडला की एकीकडे कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि दुसरीकडे विज्ञान शाखेचा विद्यार्थी असलेल्या प्रत्येक घरात टीव्हीचा आवाज उतरतो, पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर निवांत या’ असे आडून सुचवले जाते, आणि घरातील यच्चयावत वडीलधारी मंडळी, त्यांनी फिजिक्सचे पुस्तक कधी उघडून पाहिलेले असो वा नसो, उजळणी कशी करावी या विषयातील अधिकारी व्यक्ती होतात. या अधिकाराचा आणि प्रत्यक्ष उजळणीचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

ज्या परीक्षेसाठी हा खटाटोप चालतो तिची घडण प्रथम पाहिली पाहिजे. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. फिजिक्सच्या १०० गुणांपैकी ३० प्रात्यक्षिकाला आणि ७० लेखी परीक्षेला असतात, आणि ‘रोटेशनल डायनॅमिक्स’पासून ‘सेमीकंडक्टर डिव्हायसेस’पर्यंतची सोळा प्रकरणे या ७० गुणांत कोंबलेली असतात. पहिल्या विभागात एकेका गुणाचे दहा बहुपर्यायी आणि आठ अतिलघुत्तरी प्रश्न येतात व ते सर्व सोडवावे लागतात. त्यानंतर दोन गुणांच्या बारा प्रश्नांतून आठ, तीन गुणांच्या बारांतून आठ आणि चार गुणांच्या पाचांतून तीन निवडायचे असतात. या छापील प्रश्नांची बेरीज केली असता ती ९८ गुणांची भरते, म्हणजेच विद्यार्थ्याच्या पुढ्यात २८ गुणांचे प्रश्न केवळ सोडून देण्यासाठी वाढलेले असतात.

या २८ गुणांवर ‘ऑप्शनला टाकणे’ नावाचे एक संपूर्ण तत्त्वज्ञान उभे राहिलेले आहे. एखादे प्रकरण कळत नसेल, शिकवले त्या दिवशी लग्न असेल किंवा त्यातील आकृती काढायला किचकट असेल, तर ते सबंध प्रकरण अभ्यासातून वगळायचे आणि पर्यायी प्रश्नांच्या जोरावर तरून जायचे, असा त्याचा आशय आहे. सप्टेंबरमध्ये एक प्रकरण ऑप्शनला पडते, डिसेंबरात त्याच्या सोबतीला दुसरे येते, आणि पूर्वपरीक्षेनंतर, म्हणजे ज्या चाचणीला विद्यार्थी ‘प्रीलिम’ म्हणतात तिच्यानंतर, ऑप्शनला न टाकलेली प्रकरणे मोजणे अधिक सोपे जाते. या तत्त्वज्ञानात एकच वैगुण्य असे की पहिल्या विभागातील १८ गुणांना पर्यायच नसतो आणि त्यांतील प्रश्न कोणत्याही प्रकरणातून येऊ शकतात. त्यातही बहुपर्यायी प्रश्नात फक्त पहिले लिहिलेले उत्तर तपासले जाते, अशी सूचना प्रश्नपत्रिकेवरच छापलेली असल्यामुळे अ, ब, क, ड हे चारही पर्याय क्रमाने लिहून ठेवण्याचा मार्गही बंद आहे.

उजळणीचे मूल्यमापन घरोघरी कानाने केले जाते. खोलीतून पुटपुटण्याचा आवाज येत असेल तर अभ्यास चालू आहे आणि आवाज थांबला की मूल एकतर झोपले आहे किंवा मोबाइल पाहत आहे, असा स्वयंपाकघरात बसून काढलेला निष्कर्ष सर्वमान्य आहे. विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असल्यामुळे तो मोठ्याने वाचतो, आणि बरेचदा डोक्यात दुसरेच काही चालू असताना तोंडाने मात्र कपॅसिटरची धारकता व्यवस्थित सांगत असतो. आवाजाखालोखाल दुसरे मानक वेळापत्रकाचे. चार रंगांच्या पेनांनी आखलेले वेळापत्रक भिंतीला चिकटवण्यात एक दुपार जाते, ते नेहमी येत्या सोमवारपासून लागू होते, आणि मंगळवारी मोडल्यावर नवे आखण्यात आणखी एक दुपार खर्ची पडते. या दोन्ही दुपारी घरच्यांच्या लेखी अभ्यासातच जमा होतात. तिसरे मानक हायलायटरचे. महत्त्वाचे वाक्य रंगवण्यापासून सुरुवात होते, पण फिजिक्समध्ये बिनमहत्त्वाचे काय हे ठरवण्याचे धैर्य कोणालाच होत नसल्यामुळे अखेर पान सलग पिवळे होते. सांगली ही हळदीची पेठ असल्याने या रंगाचे तिकडे कोणाला वावडे नाही, आणि साताऱ्याकडेही त्याबद्दल तक्रार ऐकू येत नाही.

दुर्दैवाने या तिन्ही मानकांविषयी मानसशास्त्राचे मत फारसे अनुकूल नाही. जॉन डन्लॉस्की आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींचा आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणे, मजकूर रंगवणे आणि सारांश काढणे या पद्धती अल्प उपयुक्ततेच्या वर्गात गेल्या, तर स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागून करणे या दोनच पद्धतींना सर्वाधिक उपयुक्त ठरवण्यात आले. त्याआधी, २००६ साली, रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी केलेला प्रयोग तर प्रत्येक अभ्यासिकेच्या दारावर लावावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाला त्यांनी एक उतारा चार सत्रे नुसता वाचायला दिला. त्या गटाचा उतारा सरासरी चौदा वेळा वाचून झाला. दुसऱ्या गटाने एकच सत्र वाचन केले आणि उरलेली तीन सत्रे कागद समोर घेऊन आठवेल ते लिहून काढले. त्यांचे वाचन जेमतेम तीन-चार वेळा झाले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा वाचणाऱ्यांना उताऱ्यातील सुमारे ४० टक्के आणि लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मुद्दे आठवले. या प्रयोगातील खरी गंमत पुढेच आहे: आपल्याला किती आठवेल असे आधी विचारले असता सर्वाधिक आत्मविश्वास चौदा वेळा वाचणाऱ्या गटाने दाखवला होता. ‘पेपर बघितल्यावर सगळं येत होतं, पण लिहिता येईना’ हे परीक्षा केंद्राबाहेर ऐकू येणारे वाक्य याच आत्मविश्वासाचे अपत्य होय. ओळखीचे वाटणे आणि स्वतःहून मांडता येणे या दोन स्वतंत्र क्षमता आहेत, आणि मंडळ गुण फक्त दुसरीला देते.

विस्मरणाचा वेग तर १८८५ सालीच मोजला गेला. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून आणि ठराविक अंतरांनी स्वतःलाच तपासून असे दाखवले की पाठांतराचा निम्म्याहून अधिक लाभ पहिल्या तासातच हातचा जातो, नंतर मात्र घसरण मंदावते. बारावीच्या काही विद्यार्थ्यांना फिजिक्सचा मजकूरही निरर्थक अक्षरसमूहांइतकाच परका वाटत असल्यामुळे त्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू पडावा. यावरील उपाय असा की विसरायला लागताच पुन्हा आठवून पाहावे, म्हणजे आज, उद्या, चार दिवसांनी आणि मग पंधरवड्याने. शेवटच्या रात्री एकदम चौदा वेळा वाचण्यापेक्षा त्याला वेळही कमी लागतो.

आठवून पाहण्याच्या या पद्धतीचे सामर्थ्य सांगलीकरांना प्रयोगशाळेतून शिकण्याची गरज नाही. कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे हे शहरातील प्रत्येक माणूस दर तासाला दुसऱ्याला विचारतो आणि विचारणाऱ्याला तो आकडा कागद न पाहता सांगितला जातो. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट आणि २०१९ सालच्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, हे तिथल्या भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना मुखोद्गत असते, आणि यांपैकी कोणीही त्यासाठी हायलायटर विकत घेतलेला नसतो. त्याच शहरातील मुलाला पृष्ठताणाचे सूत्र मात्र आठवत नाही, कारण ते त्याला वर्षभरात कोणी विचारलेलेच नसते. त्याने ते फक्त पाहिलेले असते.

फिजिक्सच्या उजळणीचा सर्वात भरीव भाग ‘डेरिव्हेशन’चा, म्हणजे एखादे सूत्र मूळ तत्त्वांपासून पायरीपायरीने सिद्ध करून दाखवण्याचा असतो, आणि घोकंपट्टीचे साम्राज्य इथेच सर्वाधिक विस्तारलेले आढळते. त्याचे एक बोधप्रद उदाहरण पुसेगावच्या वाटेवर सापडते. सातारा जिल्ह्यातील पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, म्हणजे ऐन उजळणीच्या दिवसांत भरते आणि साहजिकच बारावीच्या मुलाला घरातून तिकडे जाण्यास मज्जाव होतो. गावोगावच्या यात्रांत गर्दी खेचणारा ‘मौत का कुआँ’ हा मोटारसायकलचा खेळ मात्र बारावीच्या पुस्तकातील पहिल्याच प्रकरणात आकृतीसह दिलेला आहे. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याला असा खेळ पाहायला जाऊ दिले जात नाही, तोच खोलीचे दार लावून त्याच खेळाचे सूत्र शंभर वेळा म्हणत बसलेला असतो.

त्या खेळातील भौतिकशास्त्र असे. उभ्या गोल भिंतीवरून स्वार आडवा फिरत असताना भिंत त्याला केंद्राकडे ढकलते आणि हेच बल त्याला वर्तुळात फिरवते. तो खाली घसरू नये म्हणून त्याचे वजन तोलण्याचे काम टायर आणि भिंत यांमधील घर्षण करते. घर्षण जास्तीत जास्त किती मिळणार हे भिंत किती जोराने ढकलते यावर अवलंबून असते आणि भिंतीचा तो जोर स्वाराच्या वेगावर अवलंबून असतो. म्हणून वेग एका मर्यादेखाली गेला की स्वार खाली येतो. ही मर्यादा त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण भागिले घर्षणगुणांक या राशीच्या वर्गमुळाइतकी असते: त्रिज्या ५ मीटर आणि घर्षणगुणांक ०.५ धरला तर ती सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर येते. आता या डेरिव्हेशनची उजळणी झाली की नाही हे ठरवण्यासाठी विद्यार्थ्याला फक्त एवढेच विचारावे की स्वाराने मागे आणखी एकाला बसवले तर वेग वाढवावा लागेल काय. ज्याने वाक्ये घोकली आहेत तो ‘असं पुस्तकात दिलेलं नाही’ असे उत्तर देतो. ज्याला आकृती कळली आहे तो वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटून जाते, म्हणून किमान वेग तोच राहतो, असे सांगतो. शिवाय भिंतीला ऑइल लावले तर काय होईल, याचाही तो विचार करू लागतो, पण तो पालकांच्या काळजीचा स्वतंत्र विषय आहे.

यावरून डेरिव्हेशनची उजळणी कशी करावी हे आपोआप निघते. पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर प्रथम आकृती काढावी, तिच्यावर बले व दिशा दाखवाव्यात, कोणती गोष्ट गृहीत धरली ते लिहावे आणि अडेपर्यंत पुढे जावे. अडल्यावर पुस्तक उघडून तेवढीच ओळ पाहावी, पुन्हा मिटावे, आणि दुसऱ्या दिवशी सगळे पहिल्यापासून मांडावे. या पद्धतीत पहिल्या दिवशी विलक्षण अपमान होतो, आणि बहुसंख्य विद्यार्थी तिच्याकडे पाठ फिरवतात ते एवढ्याच कारणाने. वाचनात असा अपमान होत नाही.

न्युमेरिकल, म्हणजे आकडे देऊन विचारलेली गणिते, हा याच प्रकरणाचा उत्तरार्ध होय. एका प्रकरणाची सगळी गणिते एका बैठकीत सोडवण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे आणि तिच्यात सहावे गणित येईपर्यंत विद्यार्थ्याला आपण तज्ज्ञ झाल्याचा प्रत्यय येतो, कारण कोणते सूत्र वापरायचे हे प्रकरणाच्या नावानेच सांगितलेले असते. रोरर आणि टेलर यांच्या २००७ सालच्या प्रयोगात एकाच प्रकारची गणिते सलग सोडवणाऱ्यांची सरावातील ८९ टक्के बरोबर आली आणि सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर उतरले आणि सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर टिकले. मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्नाच्या डोक्यावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते, हे लक्षात घेतले तर या निष्कर्षाला अधिक भाष्याची आवश्यकता राहत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांचे माहात्म्यही यातच आहे. त्या मुळातच सरमिसळ असतात. ‘आयएमपी’ प्रश्नांच्या याद्या मात्र दर वर्षी कोणीतरी खात्रीलायक गोटातून आणलेल्या असतात, आणि परीक्षेनंतर त्या गोटाचा पत्ता लागत नाही.

गणिताच्या वाटेवर आणखी एक दिव्य असते. या परीक्षेत कॅल्क्युलेटरला परवानगी नाही, लॉग टेबलला आहे. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली प्रसिद्ध केलेली ही युक्ती गुणाकाराची बेरीज आणि भागाकाराची वजाबाकी करून देते आणि तिने पुढे कित्येक पिढ्यांतील खगोलशास्त्रज्ञांचे श्रम वाचवले; मोबाइलच्या पिढीला मात्र ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, पेपर तोंडावर आल्यावर, नव्याने भेटते. एकापेक्षा लहान संख्येच्या लॉगच्या पूर्णांकावर ‘बार’ म्हणजे ऋण चिन्हाची आडवी रेघ असते आणि ती रेघ घाईत गळते. १०० व्होल्टने वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी साधारण १.२३ गुणिले १० चा उणे दहावा घात मीटर इतकी, म्हणजे अणूच्या आकाराच्या पातळीवरची येते. उणे चिन्ह हरवले की तीच तरंगलांबी सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या सुमारे बत्तीस पट होते. विद्यार्थी हे उत्तर चौकटीत बंदिस्त करतो, त्याखाली पट्टीने दोन रेघा मारतो आणि शांतपणे पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मुळात उजळणीच्या काळात प्रत्येक गणित शेवटपर्यंत, लॉग टेबल हाती धरून, एककासह सोडवले आणि ‘हे उत्तर जगात शक्य आहे काय’ असा प्रश्न स्वतःला केला, तर चंद्रापलीकडे जाण्याची वेळ येत नाही. ‘इथून पुढे नुसतं कॅल्क्युलेशन आहे’ असे म्हणून गणित मध्येच सोडण्याची सवय जितकी प्रिय तितकीच महाग पडते.

आठवून पाहण्याला टेबल-खुर्चीही लागत नाही. कोरेगाव, रहिमतपूर, तासगाव किंवा कवठेमहांकाळहून एसटीच्या पासावर ये-जा करणाऱ्या मुलांना शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांचा हेवा वाटतो. वस्तुतः हलत्या गाडीत वाचता येत नाही आणि म्हणून आठवणे भाग पडते, ही त्यांची जमेची बाजू आहे. शेतीपंपाची वीज रात्री आली म्हणून वडिलांबरोबर उसाला दारे धरायला, म्हणजे पाटाचे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, गेलेल्या मुलाच्या हातात पुस्तक नसते, पण पंपाची मोटर, स्टार्टर आणि प्रवाहाचा दाब समोर चालू असतो. सोबतच्या धाकट्या भावाला त्याने ट्रान्सफॉर्मर कसा चालतो हे समजावून सांगितले आणि भावाने दोन शंका काढल्या, तर ती तासाभराची उत्तम चाचणी होते. भावाला झोप आली तर स्पष्टीकरणात कुठेतरी गडबड आहे, असे समजावे.

सीईटी या प्रवेश परीक्षेचा विचार थोडक्यात उरकता येतो. त्या संगणकीय परीक्षेत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून शंभर प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात, म्हणजे प्रत्येकी मिनिटभरही मिळत नाही, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. त्यामुळे तिथे डेरिव्हेशन लिहिता येणे कामाचे नाही, ते समजलेले असणे कामाचे आहे. प्रात्यक्षिकाबद्दल तर न बोललेलेच बरे. जिल्ह्यातील जर्नले चाळली असता गुरुत्वत्वरणाची किंमत ९.८ वरून तसूभरही ढळत नाही, इतके काटेकोर मापन न्यूटनच्या देशातही होत नसावे. फक्त तोंडी परीक्षेत ते मापन कसे केले असे विचारले की विद्यार्थी छताकडे पाहू लागतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगलीत पटवर्धनांच्या गणपतीसमोर आणि वाईत ढोल्या गणपतीसमोर हॉल तिकिटे ठेवली जातात, आणि त्याला कोणाचाही आक्षेप असण्याचे कारण नाही, कारण त्यात वेळ थोडा जातो व मन स्थिर होते. त्या रात्री जागून नवे प्रकरण उघडणे मात्र निव्वळ नुकसानीचे असते. झोपेत दिवसभराचे शिकलेले पक्के होते आणि जागरणाने ते पक्के होण्याआधीच विस्कटते. निकालानंतरचे कंदी पेढे कोणत्या दुकानातून आणायचे याची चर्चाही त्या रात्री टाळावी.

सातारा-सांगलीच्या पालकांना एवढीच विनंती करता येईल की खोलीतून आवाज येत नसेल, पुस्तक मिटलेले असेल आणि मूल कोऱ्या कागदाकडे कपाळाला आठ्या घालून पाहत असेल, तर त्या अवस्थेत त्याला ‘वाच जरा’ असे सांगू नये आणि गिरणीत दळण आणायलाही पाठवू नये.